हिडकलला पोचेपर्यंत बोटीची बॅटरी किती भरते?

बेळगावहून हिडकल डॅमपर्यंत बोटीचा ट्रेलर ओढत जायला तास-सव्वा तास धरा. तेवढ्या वेळात गाडीच्या डायनामोवर बोटीची बॅटरी थोडीफार भरून घेता येते, जोडणी नीट असेल तर बरीच भरते. पूर्ण मात्र भरत नाही, चार्जर कितीही भारी असो. लेड-ॲसिड बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भराभर करंट घेते आणि उरलेल्या २० टक्क्यांना तीन-चार तास खाते. त्यामुळे घरी लाइटवर चालणारा चार्जर हाच मुख्य, गाडीवरचं चार्जिंग ही वरची भर. एवढं मान्य केलं की पैसे कुठे घालायचे ते ठरवणं सोपं जातं. माझ्या मते ते आधी तारेत घालावेत, चार्जरमध्ये नंतर.

आपल्या भागात ट्रेलरवर बोट असणारे लोक दोन तऱ्हेचे. एक, हिडकल किंवा नविलुतीर्थ धरणाच्या पाण्यात उतरणारे, ज्यांच्या बोटीला इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर (बॅटरीवर चालणारी, बोट हळू चालवणारी छोटी मोटर) असते. दुसरे, कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठचे. २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितल्यावर रबरी किंवा फायबरची बोट शेडमध्ये तयार ठेवणारे. पहिल्यांची बॅटरी दर फेरीला अर्धी रिकामी होते. दुसऱ्यांची महिनोन्महिने पडून उतरते आणि वरून पाणी सुटलं की त्याच दिवशी लागते, इंजिनाच्या स्टार्टरला, सर्चलाइटला, बोटीतलं पाणी उपसणाऱ्या पंपाला.

ट्रोलिंग मोटरचा हिशेब आधी. ५५ पौंड थ्रस्टची १२ व्होल्टची मोटर पूर्ण वेगात साधारण ५० अँपियर ओढते, अर्ध्या वेगात १५-२०. १०० अँपियर-अवरच्या (एक अँपियर तासभर वाहिला की एक अँपियर-अवर) दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या तर एकूण २००, पण शिशाच्या, म्हणजे लेड-ॲसिड, बॅटरीतून निम्म्याहून जास्त काढायचं नसतं, म्हणजे वापरायला १००. दिवसभर फिरून तेवढे काढले आणि परतीच्या सव्वा तासात ३० अँपियरने भरले, तर साडेसदतीस अँपियर-अवर आत गेले. त्यातले सुमारे १५ टक्के उष्णतेत आणि गॅसमध्ये जातात. हाती राहिले बत्तीसच्या आसपास. काढलेल्याच्या एक तृतीयांश. हा झाला उत्तम जोडणीचा आकडा.

वाईट जोडणीचा आकडा बघा. बहुतेक ठिकाणी पहिला प्रयोग असा होतो की ट्रेलरच्या दिव्यांच्या ७ पिन प्लगमधली एक मोकळी पिन पकडायची, तिच्यातून प्लस न्यायचा आणि निगेटिव्ह ट्रेलरच्या सांगाड्यावरच ठेवायचा. दिव्यांची तार १.५ चौरस मिलिमीटरची. गाडीच्या पुढच्या बॅटरीपासून बोटीच्या मागच्या टोकापर्यंत सहज १० मीटर होतात, जाऊन-येऊन २०. तांब्याची असली तरी या तारेचा रोध ०.२३ ओहम. फक्त ५ अँपियर वाहिले तरी १.२ व्होल्ट तारेतच संपतात. डायनामोकडे १४.२ होते, बोटीकडे १३ पोचले. १३ व्होल्टला अर्धी उतरलेली बॅटरी जेमतेम भरते, आणि जशी भरेल तसा करंट आणखी कमी होतो. तासाभरात चार-पाच अँपियर-अवर. मोटर पूर्ण वेगात पाच-सहा मिनिटं फिरेल एवढेच.

याच १० मीटरला वेगवेगळ्या तारा लावून बघा. ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत २० अँपियरला सुमारे १.२ व्होल्ट पडतात. १० ची तार ०.७ पाडते, १६ ची ०.४४, २५ ची ०.२८. मी १६ ची घ्या म्हणेन. २५ ची जड, वळवायला त्रासाची, आणि गाडी-ट्रेलरच्या मध्ये लावायच्या ५० अँपियरच्या कनेक्टरच्या पिनेत बसतही नाही. १६ चीसुद्धा पिनेत बसते का हे विकत घेण्याआधी दुकानातच तपासा, सगळ्या कंपन्यांच्या पिना सारख्या नसतात.

तार मिळायला बेळगावात अडचण नाही. उद्यमबागेत वेल्डिंगची केबल मिळते, ती लवचिक असते आणि तिचं रबर दणकट असतं. फक्त तांब्याचीच आहे याची खात्री करा. वेल्डिंग केबल ॲल्युमिनियमचीही येते, आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमचीही. टोक सोला, एक बारीक तार वेगळी काढा आणि सुरीने खरवडा. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर ती मुलाम्याची, ठेवून द्या. वरून पांढरी आणि आतून तांबूस असेल तर ती कथिलाचा थर दिलेली तांब्याची, पाण्याजवळच्या कामाला हीच सर्वांत चांगली.

निगेटिव्हची तार वेगळी टाका, प्लसइतकीच जाड. ट्रेलर गाडीला अडकवायच्या गोळ्यावर ग्रीस असतं, गंज असतो, आणि खड्ड्यात गाडी आदळली की तिथला संपर्क सुटून पुन्हा जुळतो. दर वेळी ठिणगी. ३० अँपियर त्या गोळ्यातून घालवणं म्हणजे गोळा आणि कप्लर दोन्ही जाळून घेणं.

आता गाडी. जुन्या गाड्यांचा डायनामो इंजिन चालू असेपर्यंत १३.८ ते १४.४ व्होल्ट देत राहतो. अशा गाडीला व्होल्टेज बघून जोडणारा रिले (आपोआप चालू-बंद होणारं स्विच) पुरतो: साधारण १३.३ ला जोडतो, १२.८ ला सोडतो. इंजिन बंद झालं की बोटीची बॅटरी गाडीच्या बॅटरीपासून आपोआप सुटते, सकाळी स्टार्टर मारायला गाडीत जीव राहतो. बीएस-६ च्या बऱ्याच गाड्यांत मात्र डायनामो कॉम्प्युटरच्या ताब्यात असतो. गाडीची स्वतःची बॅटरी भरली की तो डिझेल वाचवायला व्होल्टेज साडेबारापर्यंत खाली आणतो आणि उतारावर पाय काढला की १५ च्या आसपास चढवतो. अशा गाडीत तो रिले सारखा जोडतो-सोडतो, आणि मधल्या काळात बोटीची बॅटरी भरायच्या ऐवजी गाडीकडेच उलटी वाहते. आपली गाडी कुठल्या जातीची आहे ते ओळखायला सिगारेट-लायटरच्या सॉकेटात बसणारं छोटं व्होल्टमीटर घ्या. हायवेला एका वेगात अर्धा तास चालवून आकडा बघा. १३.८ च्या वर स्थिर असेल तर जुनी पद्धत. १२.६-१२.८ ला उतरला आणि एक्सलरेटर सोडताच उसळला तर स्मार्ट डायनामो.

स्मार्ट डायनामोला आणि लिथियम बॅटरीला डीसी-टू-डीसी चार्जरच लागतो, दुसरा इलाज नाही. हा चार्जर येणारं व्होल्टेज कमी-जास्त असलं तरी बॅटरीला हवं तेच व्होल्टेज बनवून देतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी थेट डायनामोला जोडली तर ती मिळेल तेवढा करंट ओढते. घाटात हळू चढताना डायनामोचा पंखा हळू फिरतो, वारा कमी, वाइंडिंग तापतं. त्यात बॅटरीच्या आतल्या सर्किटने मध्येच ‘पुरे’ म्हणून तोडलं की डायनामोत व्होल्टेजची उसळी येते आणि डायोड जातात.

चार्जर बसवायचा बोटीत, बॅटरीच्या जवळ. गाडीत नव्हे. लांब तारेत जे व्होल्ट पडायचे ते चार्जरच्या अलीकडे पडू देत. पलीकडे मीटर-दीड मीटरची जाड तार ठेवली की बॅटरीच्या टोकाशी बरोबर १४.४ पोचतात. ३० अँपियरचा चार्जर १४.४ व्होल्टला ४३२ वॉट देतो, स्वतःत १० टक्के खातो, म्हणजे गाडीकडून ४८० वॉट मागतो. १६ च्या तारेवर गाडीकडे १३.८ असतील तर हे ३७ अँपियर झाले, तारेत ०.८ व्होल्ट पडले, चार्जरला १३ मिळाले. उत्तम. तोच चार्जर ६ च्या तारेवर लावला तर करंट ४२ च्या पुढे जातो, तारेत अडीच व्होल्ट पडतात आणि चार्जरच्या तोंडाशी ११.३ उरतात. तेवढ्यावर बरेचसे चार्जर ‘व्होल्टेज कमी’ म्हणून बंद होतात. बंद झाला की करंट थांबला, करंट थांबला की व्होल्टेज पुन्हा १३.८, चार्जर पुन्हा चालू. दर काही सेकंदांनी दिवा पेटतोय-विझतोय असं दिसलं तर चार्जर बिघडला म्हणून दुकानात नेऊ नका. तार बारीक आहे किंवा कुठलंतरी थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं कडं) सैल आहे.

आणि खरं सांगायचं तर शिशाच्या दोन बॅटऱ्यांना २० अँपियरचा चार्जर पुष्कळ झाला. १०० अँपियर-अवरच्या पाण्याच्या बॅटरीला १० ते २० अँपियर मानवतात. २० चा चार्जर गाडीकडून २४-२५ मागतो, तार थंड राहते, आणि रात्री एसी, हेडलाइट, वायपर सगळं चालू असताना डायनामोवर ताण येत नाही.

चार्जर लावायचा तर जोडणी अशी. गाडीच्या बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर ६० अँपियरचा फ्यूज. तिथून १६ ची तार रिलेला. रिले सतत चालू राहू शकेल असा ७०-८० अँपियरचा घ्या. स्टार्टरचा सोलेनॉइड स्वस्त पडतो म्हणून लावतात, पण त्याचं कॉइल काही सेकंदांसाठी बनवलेलं असतं, अर्ध्या तासात जळतं. रिलेच्या कॉइलला इग्निशन चालू असतानाच वीज येईल अशा फ्यूजवरून बारीक तार द्या. यामुळे इंजिन बंद असताना गाडीच्या मागचं सॉकेट मेलेलं राहतं, पावसात भिजलं तरी फरक पडत नाही, आणि स्मार्ट डायनामो असला तरी चार्जरला कधी सुरू व्हायचं ते कळतं. रिलेपासून तार चेसिसखालून मागे, नालीदार पाइपात घालून. सायलेन्सर आणि जॉइंट शाफ्टपासून लांब ठेवा. ब्रेकच्या किंवा डिझेलच्या नळीला बांधायचं नाही. पत्र्यातून जिथे जाते तिथे रबरी ग्रोमेट लावा.

गाडीची निगेटिव्ह तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर थेट कसायची सवय असते. स्मार्ट गाड्यांत त्या टोकावर एक छोटा सेन्सर असतो, तो किती करंट आत-बाहेर गेला ते मोजतो. आपली तार त्याला वळसा घालून बसली तर कॉम्प्युटरचा हिशेब चुकतो. म्हणून निगेटिव्ह बॉडीच्या अर्थ पॉइंटवर, रंग खरवडून, कसायची.

ट्रेलरच्या बाजूला कनेक्टरपासून तार बोटीतल्या चार्जरकडे, आणि चार्जर ते बॅटरीमध्ये दुसरा फ्यूज, तोही बॅटरीपासून वीतभरावर. हा फ्यूज लोक हमखास गाळतात. त्या तारेला दोन्ही बाजूंनी वीज आहे हे विसरलं जातं. ती मध्येच कुठे घासून शॉर्ट झाली तर गाडीकडचा फ्यूज उडेल, पण बोटीची बॅटरी आपल्या बाजूने शेकडो अँपियर ओतत राहील, आणि बोटीत पेट्रोलची टाकी आहे.

थिंबल हायड्रॉलिक पकडीनेच दाबून घ्या. पॅनल बनवणाऱ्यांकडे ती असते, सामान घेऊन गेलात तर दहा मिनिटांचं काम. हातोडीने ठोकलेलं थिंबल दिसायला घट्ट, पण आत पोकळ्या राहतात. नुसती डाग दिलेली तारही टिकत नाही, कथिल तारेत वर चढतं, तो भाग कडक होतो आणि ट्रेलरच्या हादऱ्याने नेमका तिथेच तुटतो. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेले चिकोडी-अथणीकडचे रस्ते आठवा, म्हणजे बॅटरीला पट्टा आणि खाली रबर का लागतं ते वेगळं सांगायला नको.

घाटावर बोट उतरवताना क्रम चुकवू नका: सपाटीवर थांबा, आधी दिव्यांचा आणि चार्जिंगचा असे दोन्ही प्लग काढा, झाकणं लावा, मग ट्रेलर मागे घ्या. वीज असलेलं कनेक्टर पाण्यात गेलं की प्लसची पिन काही मिनिटांत हिरवी पडू लागते आणि पुढच्या फेरीपासून तिथेच अर्धा व्होल्ट खायला लागते. ट्रेलरच्या दिव्यांचे तापलेले बल्बही गार पाण्यात तडकतात. नदीकाठच्या काळ्या मातीत गाडी रुतली की हे सगळं घाईत विसरतं, म्हणून आधीच करावं. ओढदांड्याजवळ तारेला इतकी ढील ठेवा की गाडी पूर्ण वळली तरी ताण येणार नाही, आणि इतकी जास्तही नको की रस्त्याला घासेल.

तपासणीला एक मल्टिमीटर पुरतो, मात्र मोजायचं ते करंट वाहत असताना. रिकाम्या तारेत व्होल्टेज नेहमी बरोबरच दिसतं, १.५ ची तारसुद्धा १४.२ दाखवते. चार्जर चालू ठेवून आधी गाडीच्या बॅटरीवर, मग मागच्या कनेक्टरवर, मग चार्जरच्या तोंडाशी मोजा. चार्जर अजून घेतला नसेल तर हेडलाइटचे दोन बल्ब समांतर जोडून ओझं द्या, ९-१० अँपियर होतात. कुठल्या दोन जागांमध्ये आकडा एकदम पडतो ते दिसलं की दोष तिथेच. दुसरी रीत याहून सोपी: पंधरा-वीस मिनिटं चालवून थांबा, इंजिन बंद करा आणि प्रत्येक थिंबल, फ्यूजचे पाय, कनेक्टरच्या दोन्ही बाजू हाताने चाचपा. सगळे कोमट आणि एकच चटका देणारा असेल, तर तो उघडा.

चार्जरमध्ये बॅटरीचा प्रकार निवडायला विसरू नका. पाण्याच्या बॅटरीला १४.४ ते १४.८, जेलला १४.१ च्या आसपास, लिथियम आयर्न फॉस्फेटला १४.२ ते १४.४. मे महिन्यात बोटीच्या बंद कप्प्यात ४० अंश सहज होतात. शिशाच्या बॅटरीला २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण २४ मिलिव्होल्ट कमी द्यायचे असतात, म्हणजे ४० अंशांना १४.४ चे १४.०५. तापमानाचा सेन्सर चार्जरसोबत आला असेल तर तो खोक्यात न ठेवता बॅटरीला चिकटवा. नाहीतर पाणी उकळून जातं आणि दर पंधरवड्याला डिस्टिल्ड वॉटर घालत बसावं लागतं. चार्जिंग चालू असताना कप्प्याचं झाकण उघडं हवं, हायड्रोजन बाहेर पडला पाहिजे.

बॅटरी कुठली, हा प्रश्न येतोच. घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्यूबलर बॅटरी बोटीत घालू नये. १५० अँपियर-अवरची पन्नास-साठ किलो भरते, बोट कलली की ॲसिड सांडतं. बसकी ई-रिक्षाची बॅटरी त्यापेक्षा बरी, तालुक्याच्या गावीही मिळते. पैसे असतील तर लिथियम. १०० अँपियर-अवरची १२-१३ किलोत येते, जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण करंट घेते, आणि अर्धवट भरलेली राहिली तरी तिचं नुकसान होत नाही. शिशाच्या बॅटरीचं होतं. अर्धी उतरलेली दोन-तीन आठवडे तशीच ठेवली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मग कितीही भरा. म्हणून हिडकलहून आलात की त्याच रात्री घरच्या चार्जरवर लावायची.

एवढी तारांची उठाठेव सगळ्यांनाच लागते असं नाही. बोट ओढायला पिकअप असेल तर बॅटऱ्या बोटीतून काढून मागच्या हौद्यात पट्ट्याने बांधा आणि चार्जर तिथेच बसवा. तार निम्मी, ट्रेलरवर कनेक्टर नाही, पाण्यात भिजायला काही नाही. उघडा हौदा असल्याने गॅसचीही चिंता नाही. हेच जीपच्या बंद डिकीत पाण्याच्या बॅटऱ्या ठेवून करायचं नाही. गाडीत इन्व्हर्टर लावून त्यावर घरचाच चार्जर चालवणारेही आहेत. चालतं, पण दोनदा रूपांतर होऊन चौथा हिस्सा वाया जातो, आणि २३० व्होल्टची तार ओल्या बोटीपर्यंत नेणं मला मुळीच पसंत नाही.

पुरासाठी ठेवलेल्या बोटीला तर गाडीवरच्या चार्जिंगपेक्षा २० वॉटचं सोलर पॅनल आणि छोटा कंट्रोलर जास्त उपयोगी. शेडच्या पत्र्यावर टाकलं की वर्षभर बॅटरी भरलेली राहते. ऐन पावसात त्यावर विसंबता येत नाही, तेव्हा मृगाच्या आधी एकदा लाइटवर पूर्ण भरून घ्या, बारा तास तशीच ठेवून मोजा. १२.७ च्या जवळ हवं. १२.४ च्या खाली आली तर पाण्याची पातळी बघून पुन्हा भरा, आणि तरीही उतरत असेल तर जूनमध्येच बदला. गाडी आणि ट्रेलरमधलं कनेक्टरही तेव्हाच उघडून बघा. शेडमध्ये उंदीर असतात, आणि रबराची तार त्यांना पीव्हीसीइतकीच आवडते.